केचप, जॅम, मध, पीनट बटर की ठेचा: शुगर नेमकी कशाने वाढते?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही ऐरोलीत राहता, सासरे 68 वर्षांचे, डायबेटिसच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) 7.8 आलंय. घरातून केचप आणि जॅम हद्दपार केलं, त्याजागी मध, घरचा गुळांबा आणि पीनट बटर आलं, तरी नाश्त्यानंतरची शुगर 220 च्या खाली यायला तयार नाही. म्हणून तुम्हाला हवंय की कोणत्या चटणीने, कोणत्या सॉसने किती शुगर वाढते ते एकदा नीट सांगा. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की एकदा संध्याकाळी त्यांना थरथर सुटली, शुगर 62 होती, तेव्हा चॉकलेट स्प्रेड लावून ब्रेड दिला पण बरं वाटायला बराच वेळ लागला. मला विचाराल तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, पण तिच्यावर शेवटी येते कारण आधीचा हिशेब कळला की ते लगेच समजेल.

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, बरीच वर्षं डायबेटिसचेच पेशंट जास्त बघते, आणि पहिल्या भेटीत निम्मेअधिक लोक अगदी अभिमानाने हेच सांगतात, मॅडम केचप बंद केलं, जॅम तर घरातच नाही. बरं, मग नाश्त्याला काय? ब्रेड. किती? चार स्लाइस. आता काय बोलणार.

वरच्या गोष्टीकडे बघण्याआधी खाली काय आहे ते बघा. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 14 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे दोन स्लाइसचे 28. त्यावर एक मोठा चमचा जॅम, 20 ग्रॅमचा, त्यात 13 ग्रॅमच्या आसपास साखर. आता जीआय बघा, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, हा प्रकार टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी 1981 मध्ये मांडला, ग्लुकोजला 100 धरायचं आणि बाकीचे पदार्थ त्या मानाने रक्तातली साखर किती वर नेतात ते मोजायचं. पांढऱ्या ब्रेडचा जीआय 75 च्या आसपास, साध्या साखरेचा 65, आणि जॅमचा? पन्नाशीच्या आसपास. हो, बरोबर वाचलंत, ब्रेड जॅमच्या वर आहे. आता जीआयला कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणा आणि 100 ने भागा, की ग्लायसेमिक लोड मिळतो, खरा उपयोगाचा आकडा तो. दोन स्लाइसचा लोड 21, जॅमचा साडेसहा. सगळा मिळून साडेसत्तावीस, त्यातला तीन चतुर्थांश वाटा ब्रेडचा. आणि 20 च्या वर गेलं की तो लोड जास्तच धरतात, म्हणजे जॅम न लावता नुसते दोन स्लाइस खाल्ले तरी आपण रेषा ओलांडलेलीच आहे. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय असं मला वाटतं, तुम्ही वरचं बदललंत आणि खालचं तसंच राहिलं.

म्हणून जॅम खा असं मी म्हणत नाहीये हं, लगेच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. जॅमचा जीआय कमी दिसतो त्याचं एक कारण असं की साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि फ्रुक्टोज मुख्यतः लिव्हरमध्ये जातं, ग्लुकोमीटरला ते दिसतच नाही. मीटर फक्त ग्लुकोज मोजतो. तेच जास्तीचं फ्रुक्टोज पुढे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढवून लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये दिसतं. अगावे सिरप म्हणून जी महागडी बाटली मिळते ना, डायबेटिक फ्रेंडली लिहिलेली, तिचा जीआय कमी असण्याचं गुपित हेच, ती बहुतांश फ्रुक्टोजच आहे.

आता मध. मधाबद्दल आपल्याकडे फार हळवेपणा आहे, नैसर्गिक आहे, औषधी आहे, सकाळी कोमट पाण्यातून घ्यायचा. सगळं खरं असेल, पण त्याच्यातही साधारण 80 टक्के साखरच आहे, उरलेलं बहुतेक पाणी. आणि मध साखरेपेक्षा जड असतो त्यामुळे गंमत अशी होते की एक छोटा सपाट चमचा साखर म्हणजे 4 ते 5 ग्रॅम, आणि तोच चमचा मधाचा भरला तर मध 7 ग्रॅम, त्यात साखर साडेपाच-सहा ग्रॅम. म्हणजे चमच्याला चमचा बदली केली तर तुम्ही साखर वाढवली, कमी नाही केली. त्यात मध कुणी सपाट चमच्याने घेत नाही, तो चमच्याखाली लोंबत असतो, वर ढीग असतो, आणि चमचा चाटायचा तो वेगळाच. ज्यांच्याकडे किचनचा डिजिटल काटा आहे त्यांनी एकदा घरच्या चमच्याचं वजन करून बघा, मी क्लिनिकमध्ये तो काटा ठेवलेलाच आहे कारण सांगून पटत नाही, पाहिलं की पटतं. जीआयमध्ये मध सरासरी साठीच्या आसपास असतो, कुठल्या फुलांचा त्यावर खालीवर होतो, पण साखरेच्या 65 पुढे हा काही सुटकेचा मार्ग नाही.

गुळाचंही तेच. लोह आहे वगैरे ठीक, पण सुपारीएवढ्या 10 ग्रॅमच्या खड्यात 8-9 ग्रॅम साखर असते आणि त्यातून मिळणारं लोह इतकं थोडं की त्यासाठी डायबेटिसच्या माणसाने गूळ खावा हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तुमच्या गुळांब्यात कैरी किती आणि गूळ किती ते घरात ज्या बाईने केलाय तिला विचारा, बहुतेक ठिकाणी कैरीएवढाच गूळ, कधी जास्तच. साखरांबा, छुंदा, मोरावळा, लिंबाचं गोड लोणचं, सगळी एकाच घरातली भावंडं. ताटात डावीकडे वाढलं म्हणून ते लोणचं होत नाही, हिशेबात तो जॅमच आहे. फरक इतकाच की पूर्वी बोटभर वाढायचे, आता बाटलीतून वाटीत काढतात आणि पोळीबरोबर भाजीसारखं खातात. सासऱ्यांना फारच आवडत असेल तर एक छोटा चमचा, जेवणात, भाजी-वरणासोबत. रिकाम्या पोटी पोळीचा रोल करून नको.

केचपला उगाच जास्त शिव्या पडतात. मोठ्या चमच्यात, 15 ग्रॅममध्ये, साखर साधारण 4 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा साखर. हॉटेलात मिळणारं छोटं पाकीट साधारण 8 ग्रॅमचं असतं, त्यात 2 ग्रॅम. एका पाकिटाने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पिळायच्या बाटलीने, कांदाभजीच्या ताटलीत जे तळं होतं ना, ते चार मोठे चमचे असतं आणि त्यात एका स्लाइसपेक्षा जास्त कर्बोदकं झाली. पाकीट फोडून खायचं आणि तिथेच थांबायचं, एवढा नियम केला तरी केचप घरात ठेवायला माझी हरकत नाही.

बाहेरच्या खाण्यात मला केचपपेक्षा चिंच-खजुराची गोड चटणी जास्त खुपते. ठाण्याच्या तलावपाळीला भेळ खाताना भैया विचारतो, मीठा तीखा? आणि आपण म्हणतो मिडियम, आणि तो मोठ्या चमच्याने दोनदा ओततो, त्यात खजूर, गूळ, काही ठिकाणी साखरही. आणि खाली कुरमुरे, जे स्वतःच भराभर शुगर चढवतात. तिखट चटणी जास्त, गोड नावापुरती, कांदा-कैरी-शेंगदाणे जास्त, असं सांगून भेळ बनवून घेता येते, कुणी काही म्हणत नाही.

वडापावचं उलटं आहे. लोक मला विचारतात की ती लाल सुकी चटणी चालेल का, आणि मी म्हणते चटणीच तेवढी चालेल. लसूण, सुकं खोबरं, शेंगदाणे किंवा तीळ, लाल तिखट, त्यात साखर चढवण्यासारखं जवळजवळ काही नाही. ठाणे स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव घ्या नाहीतर तुमच्या कोपऱ्यावरचा घ्या, शुगर वाढवतो तो पाव आणि बटाटा, एका लादीपावात साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं धरा आणि पाव मोठा असेल तर त्याहून जास्त. मामलेदारची मिसळ खायची इच्छा झाली तर तर्रीला घाबरू नका (अ‍ॅसिडिटी असेल तर घाबरा), पाव मोजा. फरसाणातलं बेसन आणि तेल आहेच, पण दुसरा पाव मागवायचा की नाही हा खरा प्रश्न.

आता आपल्या सुक्या चटण्यांकडे येते, कारण इथे मला मनापासून सांगायचंय. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, तिळाची, शेंगदाण्याची सोलापुरी, कढीपत्त्याची. एक मोठा चमचा म्हणजे 10 ग्रॅमच्या आसपास, त्यात कर्बोदकं दोन-तीन ग्रॅम, त्यातलाही बराच भाग फायबर, बाकी चांगलं तेल आणि थोडं प्रोटीन. पोळीवर तेल किंवा दही घालून ही चटणी लावली की पोळीतली साखरही जरा सावकाश रक्तात जाते, कारण फॅट आणि प्रोटीन सोबत असलं की पोट हळू रिकामं होतं. हे कमी होत नाही, लांबतं, हे लक्षात ठेवा, म्हणजे एका तासाचा आकडा छान दिसेल आणि अडीच तासांनी बघितलात तर थोडं वर असू शकतं. जवस मात्र भाजून दळलेलं हवं, अख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर जातं. बाजारातली पाकीटबंद चटणी घेणार असाल तर साखर आहे का बघा, शेंगदाण्याच्या चटणीत बरेच जण चिमूटभर नाही, चांगली मूठभर घालतात.

ठेचा, हिरवी चटणी, पुदिना चटणी यांना माझ्याकडून पूर्ण सूट, चमच्याला एखादा ग्रॅम कर्बोदकं. सँडविचवाल्याच्या हिरव्या चटणीत घट्टपणासाठी डाळवं किंवा ब्रेडचा तुकडा आणि चवीला साखर असू शकते, पण ती पातळ थरात लावतात म्हणून त्यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. ओल्या नारळाच्या चटणीत दोन मोठ्या चमच्यांना तीन-चार ग्रॅम, इडलीच्या मानाने काहीच नाही, एका मध्यम इडलीतच 8-10 ग्रॅम असतात. इडली चारची दोन करा आणि चटणी-सांबार वाढवा.

पीनट बटर तुम्ही आणलंत ते चांगलं केलंत, पण डबा फिरवून मागे बघा. फक्त शेंगदाणे, फारतर मीठ, एवढंच लिहिलेलं हवं. मोठ्या चमच्याला तीन-साडेतीन ग्रॅम कर्बोदकं आणि 95 कॅलरी. शुगर चढत नाही, वजन चढतं, कारण दोन चमचे कधी चार होतात कळत नाही. चॉकलेट फ्लेवरचं किंवा हनी रोस्टेड असेल तर ते भाच्याला द्या. आणि खरं सांगायचं तर शेंगदाण्याचा कूट, लसूण, तिखट, मीठ, वर कच्चं तेल, हे आपलंच पीनट बटर आहे आणि स्वस्तात पडतं.

चॉकलेट स्प्रेड हा जीआयचा सगळ्यात मोठा फसवा आकडा. न्यूटेलाचा जीआय 33 मोजलेला आहे, म्हणजे कागदावर चपातीपेक्षाही भला, आणि त्यात साखर आहे 56 टक्के. हे कसं काय? तर उरलेल्यात तेल इतकं आहे की साखर सावकाश जाते. म्हणून फक्त जीआयचे तक्ते घेऊन बसणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देते.

मेयोनीज, बटर, चीज स्प्रेड: शुगरवर जवळजवळ शून्य, मीटर खूश. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा ते खूश आहेत का. बटरमध्ये 80 टक्के फॅट, आणि आपल्याकडच्या एगलेस मेयोमध्ये तेलासोबत साखर आणि स्टार्चही असतो. घट्ट दही फडक्यात बांधून चक्का करा, त्यात लसूण, मिरपूड, मीठ, कोथिंबीर, सँडविचला मेयोची आठवण येणार नाही. शेजवान चटणी आणि सोया सॉस मी साखरेपेक्षा मिठासाठी रोखते, एका मोठ्या चमच्या सोया सॉसमध्ये 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा 2000 सांगते. तुमच्या सासऱ्यांना बीपी आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत, असेल तर कैरीचं तिखट लोणचं, ज्याने शुगर अजिबात वाढत नाही, तेही फोडीवर आणायचं, पळीने नाही.

व्हिनेगरबद्दल हल्ली फार विचारतात म्हणून एवढंच, त्यात तथ्य आहे. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन यांचा 2004 चा अभ्यास डायबिटीस केअर या जर्नलमध्ये आलेला आहे, पिष्टमय जेवणाआधी व्हिनेगर पाण्यातून दिल्यावर इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था) असलेल्यांमध्ये जेवणानंतरची प्रतिक्रिया सुधारली. परिणाम माफक आहे, ते औषध नाही, आणि पोट हळू रिकामं होण्याचा त्रास ज्यांना आधीच आहे त्यांनी तर घेऊच नये. कोशिंबिरीवर लिंबू पिळून ती जेवणात आधी खा, मला तेवढं पुरतं.

लेबल कसं वाचायचं? पुढे काय लिहिलंय ते वाचूच नका. शुगर फ्री, नो अ‍ॅडेड शुगर, हे सगळं पुढे असतं आणि खरं मागे असतं. तिथे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिल्या तिघांत साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, खजुराचं सिरप किंवा फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट असेल तर ते साखरेचंच उत्पादन समजा. माल्टोडेक्स्ट्रिन हा शब्द खास शोधा, चवीला फारसा गोड नसतो, साखरेच्या आकड्यातही दिसत नाही, पण रक्तात ग्लुकोजच्या वेगाने जातो. म्हणून साखरेच्या ओळीसोबत एकूण कर्बोदकांची ओळही बघायची, दोन्हींत फार फरक दिसला की समजायचं मधे स्टार्च किंवा माल्टोडेक्स्ट्रिन बसलंय. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड पदार्थ) वाले जॅम चमचाभर ठीक, जास्त झाले की पोट फुगतं आणि पुढचं तुम्हाला कळेलच.

आणि माझ्या आकड्यांवर विसंबू नका, मीटर घरी आहे तर मोजा. एक दिवस दोन स्लाइस आणि बटर, दुसऱ्या दिवशी तेच दोन स्लाइस आणि मध, तिसऱ्या दिवशी एक ज्वारीची छोटी भाकरी आणि जवसाची चटणी-दही. गोळ्यांची वेळ तीच, चालणं तेवढंच, खायच्या आधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. घरगुती मीटरमध्ये 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, तेव्हा 170 आणि 180 मध्ये अर्थ शोधू नका, 170 आणि 230 मध्ये शोधा.

टोचायच्या आधी हात साबणाने धुवा, पुसून कोरडे करा. हे मी ओरडून सांगते त्याला कारण आहे. कोपरखैरण्याचे एक काका, सकाळी उपाशीपोटी शुगर कधी 130 तर कधी एकदम 240, डोस वाढवायचा की काय इथपर्यंत गोष्ट आलेली. काकूंना खोदून विचारलं तेव्हा कळलं की नातीचा शाळेचा डबा काकाच भरतात, ब्रेडला जॅम लावायचा, बोट पुसायचं नॅपकिनला, आणि लगेच टोचायचं. बोटावरचा जॅम स्ट्रिपवर जात होता. दुसऱ्या दिवशी माझ्या सांगण्यावरून आधी तसंच आणि मग हात धुऊन मोजलं, 236 आणि 134, दोन मिनिटांच्या अंतराने. मध, फळं, जॅम, केचप, सगळ्याने हे होतं.

आता ती शेवटची ओळ. शुगर 70 च्या खाली गेली की उपचार लगेच हवा आणि तो लगेच रक्तात जाणारा हवा. ग्लिमेपिराइडने अशी शुगर उतरू शकते, विशेषतः जेवायला उशीर झाला किंवा चालणं जास्त झालं की. तेव्हा चॉकलेट स्प्रेड, पीनट बटर, बिस्किट, पेढा हे सगळं चुकीचं, ज्या तेलामुळे त्याचा जीआय कमी दिसतो तेच तेल तिथे अडवून धरतं. द्यायचं काय, तर 15 ग्रॅम साखर: तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा साखरेचं पाणी, किंवा एक मोठा चमचा मध. पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून 70 च्या खाली असेल तर परत तेवढंच द्या, आणि वर आल्यावर मग ती पीनट बटर लावलेली पोळी द्या, आता तिचा उपयोग आहे. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट हॉस्पिटल.

आणि एक बघून घ्या. आपल्याकडे ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या जोडीला बऱ्याचदा व्होग्लिबोज एकाच गोळीत असतं. ते साधी साखर फुटायला उशीर लावतं, त्यामुळे अशा वेळी साखरेचं पाणी किंवा सरबत नीट कामच करत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. पाकिटावर बारीक अक्षरात तीन नावं आहेत की दोन ते आज चष्मा लावून वाचा, आणि ग्लुकोजची एक पुडी सासऱ्यांच्या खिशात, एक फिरायला जातात त्या पिशवीत ठेवा. ही 62 वाली गोष्ट त्यांच्या डॉक्टरांनाही कळवा, गोळीची वेळ किंवा डोस बदलायचा का ते तेच ठरवतील, नाश्त्यातला ब्रेड कमी करणार असाल तर आधीच विचारून घ्या कारण कर्बोदकं कमी झाली की तीच गोळी जास्त पडू शकते.